शिक्षण परिषदा आणि आपला विद्यार्थी

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गुणगौरव समारंभात वक्ते सहसा अभ्यास कसा करावा, वेळ कसा वाचवावा, आईवडिलांचे कष्ट कसे आठवावेत, यावर बोलतात. ते सर्व योग्यच आहे आणि आमच्या आधीच्या वक्त्यांनी ते उत्तम रीतीने सांगितले आहे. आम्ही मात्र थोडा वेगळा विषय निवडला आहे. तो म्हणजे शिक्षणावर भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदा. हा विषय ऐकून काहींना वाटेल की, बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या कला शाखेच्या पदवीधराचा त्याच्याशी काय संबंध? आणि आपल्या वस्तीचा तरी काय संबंध? संबंध आहे आणि तो अगदी जवळचा आहे, एवढेच आज आम्हांला मांडायचे आहे.

प्रश्न साधा आहे. आपल्या मुलांच्या शिक्षणाविषयी जगात जे बोलले जाते, ते कोण बोलते? कोठे बोलते? आणि ते बोलले जात असताना आपण कोठे असतो?

परिषद म्हणजे काय?

विद्यार्थ्यांसाठी थोडे तपशिलाने सांगतो. परिषद म्हणजे हारतुरे, उद्घाटन आणि जेवण असा अनेकांचा समज असतो. खऱ्या परिषदेचे काम त्या दिवसाच्या कितीतरी महिने आधी सुरू होते. आयोजक विषय जाहीर करतात आणि शोधनिबंध मागवतात. एखाद्या शिक्षकाने किंवा संशोधकाने वर्गात काही करून पाहिलेले असते, मोजलेले असते, नोंदलेले असते. त्याचा तो निबंध तयार करून पाठवतो. त्या विषयातले दोन-तीन जाणकार तो वाचतात, चुका दाखवतात, दुरुस्त्या सुचवतात, कधी परतही पाठवतात. जो निबंध टिकतो तोच परिषदेत वाचला जातो. वाचायला पंधरा-वीस मिनिटे मिळतात आणि त्यानंतर श्रोते प्रश्न विचारतात. पुढे सर्व निबंध एकत्र छापले जातात आणि ग्रंथालयात राहतात. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समित्या, पाठ्यपुस्तके लिहिणारी मंडळे, शिक्षक घडवणारी महाविद्यालये यांच्यापर्यंत तेथील विचार हळूहळू झिरपत जातो. दहा वर्षांनी आपल्या मुलाच्या हातात जे पुस्तक पडते, त्यातील एखाद्या धड्याचे मूळ अशा एखाद्या खोलीतील पंधरा मिनिटांत असू शकते.

१९९० च्या मार्च महिन्यात थायलंडमधील जोमतिएन येथे 'सर्वांसाठी शिक्षण' या विषयावर जागतिक परिषद भरली. १५५ देशांचे प्रतिनिधी तेथे आले होते. ती सरकारांची परिषद होती, विद्वानांची नव्हे. तरी तिच्यानंतर आपल्या देशात १९९४ साली जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, पुढे सर्व शिक्षा अभियान आले आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदा अमलात आला. संविधानाच्या ४५ व्या कलमाने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हे काम दहा वर्षांत करण्याचे मार्गदर्शन आधीच केले होते. त्याला साठ वर्षे लागली. या विलंबात जागतिक परिषदांनी सरकारांना जाब देण्याची थोडी सवय लावली, हे मान्य केले पाहिजे.

हा वारसा आपलाच

विद्वानांनी एकत्र बसावे, एकाने प्रश्न विचारावा, दुसऱ्याने उत्तर द्यावे आणि सर्वांनी मिळून ते तपासून मान्य करावे, ही पद्धत आपल्याला परकी नाही. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत महाकश्यपांनी प्रश्न विचारले, विनयाविषयी उपालींनी उत्तरे दिली आणि धम्माविषयी आनंदांनी, अशी परंपरा आहे. उपाली हे पूर्वाश्रमीचे नाभिक. पाचशे भिक्खूंच्या सभेत विनयाचा अधिकारी म्हणून त्यांना विचारले गेले, हे येथे बसलेल्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. तेथे अधिकार जन्माने नव्हे, अभ्यासाने आला होता.

आपल्या उपनगरांकडे पाहिले तरी हेच दिसते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीला आपण दरवर्षी सहलीला जातो. शंभरावर लेणी असलेले ते ठिकाण शतकानुशतके भिक्खूंच्या निवासाचे आणि अध्ययनाचे केंद्र होते. तेथील नवव्या शतकातील शिलालेखांत गौड देशातून, म्हणजे बंगालकडून आलेल्या उपासकाच्या दानाची नोंद आहे. ग्रंथांसाठी ठेवलेल्या दानाचाही उल्लेख आहे. इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये तेथे आलेल्या पारशी मंडळींनी पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली आहेत. दूरदूरची माणसे ज्या डोंगरावर येत होती तो डोंगर आपल्या लोकलच्या खिडकीतून दिसतो.

आधुनिक काळात यावे तर महात्मा जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिले. शेतकऱ्यांकडून घेतलेला पैसा वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, खेड्यातील प्राथमिक शाळा मात्र उपाशी राहते, हे त्यांनी सरकारपुढे ठेवले. प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, त्यांना पगार पुरेसा असावा, आणि अभ्यासक्रमात मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीचे आणि आरोग्याचे ज्ञान असावे, इतक्या बारकाईने त्यांनी सांगितले. ज्याने स्वतः शाळा चालवली आहे, त्याचेच ते बोलणे होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींवरचा निबंध वाचला, तेव्हा त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी, मे १९१७ मध्ये, तो 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात छापला गेला. आपल्या समाजातील एका तरुणाने परदेशातील विद्वानांपुढे, त्यांच्याच शास्त्रीय पद्धतीने, आपल्या देशातील अन्यायाची चिकित्सा केली. आपण त्यांचे पुतळे उभारतो, ते योग्यच आहे. पण त्या पंचविशीतल्या विद्यार्थ्याची तयारी किती असेल, याचाही विचार करावा.

त्यानंतर १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे मंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना बाबासाहेबांनी दाखवून दिले की, प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा मुले चौथीपर्यंत पोहोचतात, बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात. आणि २९ मे १९२८ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी सायमन कमिशनला मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणस्थितीचे निवेदन सादर केले. मित्रहो, 'हितकारिणी सभा' हे शब्द ऐका. आपल्यासारख्याच एका संस्थेने, वर्गण्या गोळा करून चालणाऱ्या संस्थेने, आकडे जमवले, तक्ते केले आणि सरकारपुढे ठेवले. आज आपल्या किती संस्थांपाशी आपल्याच वस्तीतील मुलांचे आकडे आहेत?

मानखुर्दची परिषद

आता आपल्या परिसराकडे वळू. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९५६ च्या फेब्रुवारीत मुंबईत दक्षिण आशियातील गणित शिक्षणावर परिषद भरवली होती. नेदरलँड्सचे हान्स फ्रॉइडेन्थाल, अमेरिकेचे मार्शल स्टोन असे नामवंत गणिती तेथे आले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नागपुरात धम्मदीक्षा झाली. एकाच वर्षातील या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. पण त्या दीक्षेनंतर शाळेत गेलेल्या पिढीला जे गणित शिकायचे होते, ते कसे शिकवावे याची चर्चा मुंबईत सुरू झालेली होती, हे नोंद घेण्यासारखे आहे.

याच टाटा संस्थेने १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. सुरुवातीला हे केंद्र नाना चौकातील महानगरपालिकेच्या शाळेच्या जागेत होते, पुढे ते मानखुर्दला स्वतःच्या इमारतीत आले. विज्ञान, तंत्रज्ञान आणि गणित यांच्या शिक्षणावरील संशोधनाचा आढावा घेणारी 'एपिस्टीम' नावाची आंतरराष्ट्रीय परिषद हे केंद्र भरवते. ज्ञान या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव घेतले आहे. पहिली परिषद २००४ साली गोव्यात झाली. त्यानंतर २००७, २००९, २०११, २०१३, २०१५, २०१८ आणि २०२० या वर्षी ती मानखुर्दला भरली. पवईच्या आय. आय. टी. मध्येही २०१६ च्या अखेरीस संगणक आणि शिक्षण या विषयावरील आशियातील मोठी परिषद झाली. म्हणजे मुलुंडहून कुर्ला आणि तेथून हार्बरची गाडी धरली, किंवा घाटकोपरहून बस पकडली, तर जगभरातील शिक्षणतज्ज्ञांच्या चर्चेपर्यंत आपण तासाभरात पोहोचू शकतो.

मानखुर्दचे हे केंद्र आणि देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था एकाच पुरव मार्गावर आहेत. दोन्हींची कीर्ती जगात आहे. परंतु ज्या एम-पूर्व विभागात त्या उभ्या आहेत, तो विभाग महानगरपालिकेच्या २००९ च्या मानव विकास अहवालात मुंबईतील सर्व विभागांच्या तळाशी होता. गोवंडी, मानखुर्द, देवनारचे कचरा मैदान, हे सारे त्याच विभागात. दिवा आहे, त्याच्या खाली अंधार आहे. यात संस्थांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेने २०११ पासून या विभागासाठी खास प्रकल्प हाती घेतला, ही गोष्ट सांगितली पाहिजे. आमचे म्हणणे आपल्याविषयी आहे. दिव्याच्या इतक्या जवळ राहून आपण अजून त्याच्या उजेडात वाचायला बसलेलो नाही.

भाषेची भिंत

अशा ठिकाणी होणाऱ्या संशोधनाचा आपल्या मुलांशी किती जवळचा संबंध असतो, याची दोन उदाहरणे देतो.

होमी भाभा केंद्राचे संस्थापक संचालक डॉ. वि. गो. कुलकर्णी यांनी सत्तरच्या दशकात जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील शाळांत काम केले. ग्रामीण आणि गरीब मुले विज्ञानात मागे का पडतात, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसले की, पुष्कळदा अडचण विज्ञानाची नसते, पुस्तकाच्या भाषेची असते. आशय तोच ठेवून भाषा सोपी केली की तीच मुले चांगली उत्तरे देतात. १९८१ साली डॉ. कुलकर्णी आणि प्रा. गंभीर यांनी भाषेचा अडथळा आणि शिक्षणाचे सार्वत्रिकीकरण या विषयावर निबंध प्रसिद्ध केला.

याचा अर्थ आपल्या घरात चांगला कळतो. चाळीच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे संध्याकाळपर्यंत कोरडे होतात, हे आपल्या मुलीने रोज पाहिलेले असते. उन्हात आणि वाऱ्यात ते लवकर वाळतात, पावसाळ्यात तीन दिवस दमट राहतात, हेही तिला ठाऊक असते. पण 'पृष्ठभागाचे क्षेत्रफळ वाढल्यास बाष्पीभवनाचा दर वाढतो' हे वाक्य आले की ती थांबते. तिला पदर पसरून वाळवायचा असतो हे माहीत आहे, त्या वाक्यात तेच सांगितले आहे हे तिला माहीत नाही. मग ते वाक्य ती पाठ करते, परीक्षेत एक शब्द विसरते आणि तिच्या प्रगतिपुस्तकावर 'विज्ञानात कच्ची' असा शेरा येतो. आणि घरी आपण काय म्हणतो? आपल्या पोरांना गणित-विज्ञान झेपत नाही, आर्ट्सला घालू. आम्ही स्वतः कला शाखेचे आहोत, त्या शाखेला आम्ही कमी लेखत नाही. पण आवडीने कला शाखेकडे जाणे वेगळे आणि भाषेच्या भिंतीवर डोके आपटून जाणे वेगळे.

याच केंद्राने १९८० नंतर मुंबई महानगरपालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी प्रतिभाशोध आणि संवर्धनाचा प्रकल्प चालवला. मुले निवडली, त्यांना विज्ञान, गणित आणि भाषेचे जादा मार्गदर्शन दिले, आणि शालान्त परीक्षेपर्यंत त्यांची प्रगती पाहिली. योग्य आधार मिळाला की ही मुले पुढे जातात, असे त्यातून दिसले. डॉ. कुलकर्णी आणि डॉ. आगरकर यांचा त्यावरील अहवाल १९८५ साली प्रसिद्ध झाला. 'यांच्यात गुणवत्ताच नसते' असे आपल्या तोंडावर किंवा पाठीमागे म्हणणाऱ्यांना द्यायचे उत्तर मुंबईतच, आपल्याच मुलांच्या कामगिरीने लिहिले गेले आहे. ते उत्तर आपल्यापैकी किती जणांना माहीत होते? वादात आपण आवाज चढवतो. हा अहवाल हातात असता तर आवाज चढवण्याची गरज पडली नसती.

रस्त्यावरचे गणित

दुसरे उदाहरण ब्राझीलचे आहे. तेथील रेसिफे शहरात नारळ, फळे विकणाऱ्या नऊ ते पंधरा वर्षांच्या पाच मुलांचा अभ्यास तेरेझिन्हा काराहेर, डेव्हिड काराहेर आणि अनालुसिया श्लीमान यांनी केला. तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. संशोधक गिऱ्हाईक बनून गेले आणि हिशेब विचारले. मुलांनी ९८ टक्के उत्तरे बरोबर दिली. नंतर तेच हिशेब शाळेतल्यासारखे कागदावर मांडून दिले, तेव्हा बरोबर उत्तरे ३७ टक्क्यांवर आली. मुले तीच, आकडेही तसेच. फरक विचारण्याच्या पद्धतीत होता.

आम्हांला या अभ्यासाचे नवल वाटले नाही, कारण काउंटरवर आम्ही हे रोज पाहतो. भाजी विकणारी एखादी मावशी आर. डी. भरायला येते. भरणा स्लिप ती दुसऱ्याकडून लिहून घेते आणि सहीच्या जागी अंगठा उठवते. पण तिला विचारा, अठरा रुपये पाव तर पावणेदोन किलोचे किती? ती क्षणात सांगेल, दोन किलोचे एकशे चव्वेचाळीस, एक पाव कमी, म्हणून एकशे सव्वीस. शाळेत हेच गणित एक पूर्णांक पंच्याहत्तर शतांश गुणिले बहात्तर असे येते आणि तिचा सातवीतला मुलगा त्यात अडकतो. मावशीने वजाबाकीची वाट धरली, पुस्तकाने गुणाकाराची. दोन्ही वाटा एकाच उत्तराला जातात. पण मावशीची वाट तिच्या मुलाला शाळेत कोणी दाखवत नाही आणि आईला गणित येते हे त्याला कधी कळतच नाही.

ब्राझीलचेच गणिती उबिरातान द'अम्ब्रोसिओ यांनी १९८४ साली ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे गणित शिक्षणाच्या जागतिक परिषदेत अशा लोकगणिताचा विचार मांडला आणि तो जगभर गेला. मानखुर्दच्या केंद्रातील संशोधकांनीही मुंबईच्या श्रमिक वस्तीतील, घरगुती उद्योगांत हातभार लावणाऱ्या मुलांना व्यवहारातून किती गणित येते, याचा अभ्यास केला आहे. पिशव्या शिवणे, जरीकाम, भंगार वेगळे करणे या कामांत मापे, भाव, हिस्से, प्रमाण यांचे ज्ञान मुलांजवळ साठलेले असते. बालमजुरीचे समर्थन कोणी करू नये. पण मुलाने घरात, बाजारात जे शिकले आहे ते वर्गाच्या दारात चपलेसारखे काढून ठेवायला लावणे हेही चूक आहे.

येथेच आमचा मुख्य मुद्दा येतो. या अभ्यासांत आपली मुले आहेत. नमुना म्हणून आहेत, तक्त्यातील आकडा म्हणून आहेत. निबंध वाचणाऱ्याच्या जागी मात्र ती क्वचितच असतात. आपल्या घरातली मुलगी डी. एड., बी. एड. करते, महानगरपालिकेच्या किंवा खाजगी शाळेत वीस वर्षे शिकवते, तिच्या वर्गात दररोज असे शंभर अनुभव येतात. त्यातील एकही कागदावर उतरत नाही. बाहेरून कोणी तरी येतो, तीन महिने निरीक्षण करतो आणि तिच्या वर्गाविषयी परिषदेत बोलतो. त्याचे काम प्रामाणिक असेल, उपयोगी असेल. तरी जिने वीस वर्षे खडू धरला, तिचा आवाज तेथे नसणे ही तिची आणि त्या परिषदेचीही हानी आहे.

दुकाने आणि परिषदा

विद्यार्थ्यांना येथे एक सावधगिरीची सूचना देणे आम्ही कर्तव्य समजतो. सर्वच परिषदा खऱ्या नसतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांत प्राध्यापकांच्या बढतीसाठी परिषदेत वाचलेल्या निबंधांनाही गुण ठेवले गेले. हेतू चांगला असेल, पण त्यामुळे गावोगावी 'आंतरराष्ट्रीय' परिषदांचे पीक आले. पैसे भरा, प्रमाणपत्र घ्या, असा व्यवहार काही ठिकाणी झाला. ज्यांना अशा परिषदेचे निमंत्रण येईल त्यांनी बँकेत नोट तपासतात तशी ती तपासावी. निबंध कोण तपासणार, त्यांची नावे दिली आहेत का? निबंध स्वीकारण्याआधीच पैसे मागितले आहेत का? भौतिकशास्त्रापासून कवितेपर्यंत सर्व विषय एकाच दिवशी आहेत का? वाचनानंतर प्रश्नोत्तराला वेळ ठेवला आहे का? ज्या परिषदेत कोणी प्रश्न विचारत नाही, ती परिषद नव्हे, ते दुकान आहे. आपल्या मुलांचे कष्टाचे पैसे तेथे जाऊ देऊ नका.

दुसरी अडचण इंग्रजीची. या परिषदांचा कारभार बहुतेक इंग्रजीत चालतो आणि आपल्या मराठी माध्यमाच्या शिक्षकाला तेथे बुजल्यासारखे होते. हे दुःख खरे आहे. मुलांच्या भाषेची भिंत पाडण्याविषयी जेथे बोलतात, तेथेच शिक्षकांपुढे ती भिंत उभी असावी, हा विरोधाभास आयोजकांनीही ध्यानात घ्यावा. परंतु भाषा शिकता येते, अनुभव मात्र उसना आणता येत नाही. ज्याच्याजवळ अनुभव आहे त्याने भाषेसाठी मदत मागायला संकोचू नये.

आपण काय करावे?

संस्थेतील काही ज्येष्ठ सभासदांचे मत आम्हांला ठाऊक आहे. ते म्हणतात, या गोष्टी मोठ्या लोकांच्या. आपण वह्या-पुस्तके वाटावीत, शिष्यवृत्ती द्यावी, तेवढे पुरे. त्यांच्याविषयी आम्हांला पूर्ण आदर आहे, कारण त्यांनी वाटलेल्या वह्यांवर आमचीही पिढी शिकली. वह्यावाटप बंद करा असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. पण वही दिल्यावर तिच्यात काय लिहिले जाते, मूल आठवीतून नववीत का जात नाही, हे पाहणेही हितकारिणी सभेच्याच परंपरेतले काम आहे. यास्तव चार सूचना नम्रपणे मांडतो.

पहिली सूचना, नोंदवही. आपल्या वस्तीतील पहिली ते दहावीच्या प्रत्येक मुलाची नोंद संस्थेने ठेवावी. कोणत्या माध्यमात आहे, कोणत्या इयत्तेत आहे, शाळा सोडली तर कधी आणि कशामुळे. दोन पदवीधर तरुणांनी दर जूनमध्ये आठवडाभर घरोघरी फिरले तर हे काम होते. पाच वर्षांनी या वहीतून जे दिसेल ते कोणत्याही समितीपुढे ठेवता येईल. सन १९२७ मध्ये शंभरातून अठरा हा आकडा होता. आपल्या गल्लीचा आजचा आकडा आपल्याला माहीत असला पाहिजे.

दुसरी, विहारातील वाचन. विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालवावी. जेथे ती आधीच चालते तेथे महिन्यातून एक रविवार शिक्षणावरील एक निबंध घ्यावा, इंग्रजी येणाऱ्या विद्यार्थ्याने तो वाचून मराठीत सांगावा आणि पालकांनी प्रश्न विचारावेत. एपिस्टीम परिषदेचे निबंध वाचायला मिळतात, त्यासाठी कोणाची ओळख लागत नाही.

तिसरी, आपले शिक्षक. समाजातील शिक्षक-शिक्षिकांनी वर्षातून एक तरी अनुभव लिहून काढावा. एक धडा घ्यावा, तो दोन पद्धतींनी शिकवावा, मुलांची उत्तरे जपून ठेवावीत, काय फरक पडला ते लिहावे. सुरुवात चार पानांनी करावी. आपली पुढची स्मरणिका जाहिरातींच्या पानांआधी अशा लेखांसाठी पाने राखून ठेवील, असा शब्द संपादक मंडळाने द्यावा.

चौथी सूचना, एक प्रतिनिधी. पुढची परिषद जवळपास भरेल तेव्हा संस्थेने एका विद्यार्थ्याचे आणि एका शिक्षिकेचे नोंदणी शुल्क भरावे. विद्यार्थ्यांना शुल्कात बहुधा सवलत असते. प्रवासखर्च लोकलच्या तिकिटाएवढा आहे. परत आल्यावर त्या दोघांनी येथेच, याच व्यासपीठावरून, काय ऐकले ते सांगावे. आम्ही बँकेतले असल्यामुळे हिशेब मांडून पाहिला. आपल्या जयंतीच्या मिरवणुकीतील एका ट्रकचे भाडे वाचले तर दोघांचाही खर्च सहज भागतो. जयंती थाटात व्हावीच. एक ट्रक कमी असला तर ती कमी होणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आज तुमच्या हाती पुष्पगुच्छ आणि सन्मानचिन्ह आहे. तुमच्यापैकी कोणी अभियंता होईल, कोणी बँकेत येईल, कोणी परिचारिका होईल, कोणी शिक्षक होईल. जो शिक्षक होईल त्याला आमचे विशेष सांगणे आहे. तुझ्या वर्गात मागच्या बाकावर बसून गप्प राहणारे एक मूल असेल. ते का गप्प आहे हे शोध, लिहून ठेव, आणि जेथे शिक्षणाचा विचार चालतो तेथे जाऊन ते उभे राहून सांग. प्रश्न विचारले जातील, चुका दाखवल्या जातील, त्याला भिऊ नकोस. चुका दाखवणारी सभा ही आपल्याला शिकवणारी सभा असते.

आणि पालकांना एवढेच सांगतो. आज घरी गेल्यावर मुलाला गुण किती मिळाले हे विचारण्याआधी, आज तुला काय कळले नाही, हे विचारा. ते उत्तर आपल्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहिण्यासारखे असेल.



जयभीम. नमो बुद्धाय.